दाराशी घ्यायची नावं

३ जून २०१७
सागियारान, शाळेतली छावणी

आलिनोर,

सलाम लिहावा की नको, यातच माझा एक कागद वाया गेला. अकरा वर्षं ज्याच्याशी बोललं नाही त्याला पत्राच्या सुरुवातीला काय लिहितात, ते मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा सलाम घे आणि पुढे वाच. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

मी मोनायसा, तुझी बहीण. तू इथल्याच तळावर आहेस हे मला सालिककडून कळलं. सालिक म्हणजे तो जीपवाला, पूर्वी माझ्या दुकानाचं कापड आणायचा. आता तुमच्या तळावर पाव पोचवतो. त्यानं तुला रांगेत पाहिलं. "नाक अगदी बान्तोगबाबांचं, वर लष्कराची टोपी," असं म्हणाला. तुमचे फोन काढून घेतलेत म्हणे. माझा चालतो, पण मी केला असता तर तू उचलला नसतास. म्हणून हे पत्र पावाच्या टोपलीतून.

बाबा आत आहेत. वेढ्यात सापडलेल्या मारावीत, आपल्याच घरात.

लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी, तुझे दाजी (तू त्यांना पाहिलेलं नाहीस, माणूस बरा आहे, फक्त घोरतो) आणि दोन्ही मुलं. शहरात घुसलेले काळे झेंडेवाले बंदुका घेऊन चौकाचौकात उभे होते आणि वरून तुमची विमानं येत होती. पुलापर्यंत चालत, पुढे एका भाजीच्या टेम्पोत उभ्याने. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना चालवलं नसतं. म्हणून ते राहिले.

इथे एका वर्गात अकरा कुटुंबं आहोत. मध्ये चादरी बांधल्यात. रोजा सोडायला सार्डिनचा डबा आणि नूडल्स, पुन्हा पहाटे नूडल्स आणि सार्डिनचा डबा. धाकटीनं काल विचारलं, मासे जन्मतःच डब्यात असतात का. दाजी म्हणाले, सरकारी मासे असतात.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. छोट्या मशिदीमागचं तिमजली घर, हिरव्या लोखंडी दाराचं. तू गेल्यानंतर बांधलं, म्हणून तू ओळखणार नाहीस. तुझ्या साहेबांना सांग की तिथे एक म्हातारा माणूस आहे. साधा म्हातारा, कुणाच्याच बाजूचा नाही.

मोनायसा


११ जून

आलिनोर,

सालिक म्हणतो, तू पत्र घेतलंस, घडी घातलीस आणि खिशात टाकलंस. वाचलंस का, ते त्याला कळलं नाही. त्यानं विचारलं, उत्तर जाऊ का घेऊन? तर तू म्हणालास, पाव शिळे आहेत. हा बाबांचाच स्वभाव झाला.

आज सकाळपासून धुराकडे बघत सगळी छावणी रस्त्यावर उभी होती. इथून शहर दिसत नाही, टेकडी आड येते, फक्त धूर वर येतो. तरी प्रत्येक जण बोट दाखवून सांगतो, हा बाजाराचा धूर, तो नदीकाठचा, तो तर अमक्यांच्या गोदामाचा. एका बाईनं माझ्यासमोर स्वतःचं घर ओळखलं आणि खाली बसली. दुपारी कळलं की ते तिचं नव्हतंच. मग ती हसली, आणि ज्याचं होतं तो खाली बसला. असे दिवस चाललेत.

मागच्या पत्रात मी गुडघ्यांचं लिहिलं ते खोटं होतं. गुडघे दुखतात, पण ते बाजारात रोज चालत जायचे. बाबा आले नाहीत कारण त्यांना यायचंच नव्हतं.

तुला आठवत असेल, आपल्यात वैर पेटलं की माणसं काय करतात. पाणी भरतात, तांदूळ वर घेतात, दार लावतात आणि आत बसतात. बाहेर पडला तो मेला. चार दिवस गोळ्या झाडून दोन्हीकडचे दमले की थोरले लोक येतात, मधे बसतात, मिटवतात. आपला माकमोद दादा वैरात मारला गेला तेव्हापासून बाबांच्या डोक्यात दुसरं काही नाही. हे घर त्यांनी त्यासाठीच बांधलं. हातभर जाडीच्या भिंती, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी, खाली तळघर, तळघरातून शेजारच्या रोकाया काकीच्या घरात जायला भोक. मुलांना पतंग उडवायला गच्ची मागितली तर म्हणाले, गच्चीवर माणूस दिसतो.

सगळी गल्ली पळत होती तेव्हा बाबा हंडे भरत होते. मी रडून ओरडून सांगितलं, बाबा, हे वैर नाही, ही लढाई आहे, वरून बॉम्ब टाकतात. ते म्हणाले, "कुणाचा तरी कुणाशी तरी झगडा आहे ना? मग थोरले येतील. तू जा. तुला घरात बसायचा धीर नाही, आईसारखीच आहेस." रोकाया काकी आणि तिचा नवराही त्यांच्याकडे तळघरात आले, की या घराला काही होणार नाही. शहरात अशी किती माणसं असतील, आलिनोर. आपल्या भिंती जाड आहेत म्हणून निर्धास्त बसलेली.

त्यांचा फोन पहिल्याच आठवड्यात बंद पडला. शेवटचं बोलणं असं: "भात आहे. सुके मासे आहेत. झेंडेवाले दोनदा दार वाजवून गेले, मी उघडलं नाही. लष्करवाले आले तरी उघडणार नाही. ओळखीशिवाय दार उघडायला मी काय हॉटेल चालवतो?"

मी काय करू ते सांग. नाही तर पाव शिळे आहेत एवढंच पुन्हा कळव, म्हणजे वाचतोयस हे तरी समजेल.

मोनायसा


२७ जून

आलिनोर,

ईद झाली. मुलांना कुणीतरी नवे कपडे वाटले, थोरल्याला बायकी सदरा आला, तो घालून फिरला बिचारा.

ईदच्या सकाळी तुमच्या लोकांनी काही तास गोळीबार थांबवला, ते तुला माहीतच असेल. पांढऱ्या हेल्मेटवाली आपली पोरं गाडी घेऊन अडकलेल्यांना आणायला आत गेली. मी म्हटलं, मला न्या. तपासणी नाक्यावरच्या सैनिकानं अडवलं. वयानं तुझ्याएवढा, बोलीवरून दूरच्या बेटावरचा. "बाई, माझी आईपण अशीच हट्टी आहे. परत जा," म्हणाला. रागानं नव्हता म्हणाला, म्हणून मला भांडताही आलं नाही.

मग मी त्या पोरांपैकी नासिफच्या फोनवर माझा आवाज भरून दिला. सगळी नावं घेतली. मी मोनायसा, बान्तोगची मुलगी, बान्तोग दिमासांकायचा, तिथून वर. नासिफ दारापर्यंत पोचला. आधी हाका मारल्या, मग फोन दाराच्या फटीला लावला. आतून कुणीतरी खोकलं. नक्की खोकलं, तो शपथेवर सांगतो. पण दार उघडलं नाही. मग कुठूनतरी गोळी सुटली आणि ही पोरं पळाली.

बाबा जिवंत आहेत म्हणून मी रडले, आणि नंतर इतकी चिडले की दाजी चादरीपलीकडे जाऊन बसले.

कारण चूक माझीच होती, मला नियम पाठ आहे. वैरात दार उघडायचं ते फक्त रक्ताच्या माणसाला, त्यानं बाहेर उभं राहून आपल्या बापापासून मूळ पुरुषापर्यंत नावं घेतल्यावर. आणि आवाज पुरुषाचाच पाहिजे. बाईचा चालत नाही. बाईच्या पाठीला बंदूक लावून तिच्याकडून कुणीही काहीही म्हणवून घेईल, असं बाबा म्हणायचे. माकमोद दादाला तसंच बाहेर काढलं होतं, मावशीच्या आवाजावर. मग फोनातल्या बाईला बाबा काय भीक घालतात.

आता बाबांना रक्ताचा पुरुष कोण उरला? हामिद काका गेले, त्यांचा नातू झेंडेवाल्यांत गेला, दादा गेला. माझा थोरला नऊ वर्षांचा आहे, आणि तो दाजींच्या घराण्याचा.

तू उरलास.

मोनायसा


१९ जुलै

आलिनोर,

तुझी चिठ्ठी मिळाली. "माझी तुकडी त्या बाजूला नाही. आणि मला ते मुलगा मानत नाहीत." दोन ओळी. अकरा वर्षांनी आलेल्या दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की दाजींनी विचारलं, काही गुप्त लिहिलंय का.

कंदुरीचं तुला माहीत नाही असं मी धरून चालले होते. सालिक सांगतो, तुला तेव्हाच कळलं होतं. मग लपवण्यात अर्थ नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास. बाबांनी दादाचा सूड घ्यायला बंदूक हातात दिली, ती तू भिंतीला टेकवून ठेवलीस आणि सरकारची बंदूक घ्यायला निघून गेलास. घराण्याचा मरातब धुळीला मिळाला. बाबांनी बकरा कापला, इमामांना बोलावलं, मेलेल्याची करतात तशी तुझी कंदुरी केली. इमाम म्हणाले, पोरगा जिवंत आहे, हे चालत नाही. बाबा म्हणाले, तुम्ही जेवा. गल्ली जेवली.

ते माणूसच तसे आहेत, मी त्यांची वकिली करत नाही. पण आलि, ते आत एकटे बसून कुणाची वाट बघत असतील, सांग बरं? थोरल्यांची? थोरले सगळे इथे छावणीत माझ्या शेजारी बसून सार्डिन खातायत. त्यांना कुणी मधे घालत नाही. मनिलाहून मोठेमोठे लोक येतात, हेलिकॉप्टरमधून बघतात, जातात.

मी एवढंच म्हणते. कधी तुझी तुकडी त्या बाजूला गेली, तर दारासमोर उभा राहा आणि नावं घे. विसरला असशील म्हणून लिहिते. मी आलिनोर, बान्तोगचा. बान्तोग दिमासांकायचा. दिमासांकाय माकापादोचा. माकापादो आलाउयाचा. आलाउया बालिंदोंगचा. बालिंदोंग तळ्याकाठच्या पहिल्या घराचा. बस, यापुढे बाबा थांबवतात. लहानपणी एवढं म्हटल्याशिवाय जेवायला मिळत नव्हतं, म्हणजे जिभेवर असेलच.

मुलगा मानत नाहीत म्हणतोस. नावं घेतल्यावर दार उघडावंच लागतं, त्यात मानण्याचा प्रश्न नाही. हा त्यांनीच केलेला नियम आहे.

इथे पाऊस आहे. मुलांना खोकला. मी मिरची आणि रानकांदा कुटून वाटीभर पालापा केला, कुठून मिळवला विचारू नकोस. सालिकबरोबर थोडा पाठवलाय. तुमच्या भाताला काही चव नसेल.

ताई


२६ ऑगस्ट

ताई,

पत्र लिहायची सवय नाही. वाईट अक्षर चालवून घे. पालापा मिळाला. तुकडीतल्या पोरांनी बोटं चाटली आणि नंतर मला शिव्या दिल्या, इतका तिखट.

या महिन्यात आम्हाला पुलापलीकडे टाकलं. एकेक घर घ्यावं लागतं. रस्त्यानं जाता येत नाही, भिंत फोडून पुढच्या घरात, पुन्हा भिंत. परवा आपल्या गल्लीत पोचलो. मी ओळखली नाही. मशिदीचा मनोरा आडवा पडलाय, त्यावरून समजलं.

तुझी पत्रं मी लेफ्टनंटना दाखवली होती. बरा माणूस आहे. हिरवं दार दिसलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "त्या घरातून कालपासून गोळी येतेय. भिंतीला आमच्या तोफेनं ओरखडा पडत नाही. विमान मागवायचंय. तुझा बाप आत असेल तर आत्ता बोलव, मी थांबतो."

मी समोरच्या शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीमागे उभा राहिलो. नावं घेतली. मोठ्यानं, सगळी, तू लिहिलीस तशी. तुकडीतली पोरं बघत होती. त्यांना वाटलं मी नमाज पढतोय.

मग दारामागून आवाज आला. "माझा मुलगा मेला. त्याची कंदुरी मी जेवलोय. चालता हो इथून."

आवाज ओळखला मी. अजून तसाच आहे, घोगरा.

मी पुन्हा नावं घेतली. पुन्हा तेच. "चालता हो, कुत्र्या."

मागे आलो. लेफ्टनंटनी विचारलं, "काय म्हणाला? तुझं कोणी आहे आत?" मी म्हटलं, "नाही सर. माझं कोणी नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानं आली. मी पाठ फिरवली होती.

ताई, तू म्हणालीस नावं घेतली की उघडतील. मग का नाही उघडलं? तुला कधी कुणाकडून कळलं की आत कोण होतं, तर मला कळव. मी लेफ्टनंटशी खरं बोललो की खोटं, ते मला समजत नाही. पोरं म्हणतात झोपेत बडबडतो.

आलिनोर


४ सप्टेंबर

आलि,

हे पत्र मी टोपलीत घालणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला श्वास घेता येत नाही, म्हणून लिहिते.

रोकाया काकी आली. परवा, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, लष्कराच्या ट्रकमधून. आधी तिला चौकशीला ठेवलं होतं. काकी अर्धी झालीय, केस गेलेत. मी ओळखून मिठी मारली तर म्हणाली, हळू, मोडेन. तिचा नवरा जुलैतच तापानं गेला. मी तिला चहा दिला, आणि ती चहा हातात धरून बोलत राहिली. चहा गार झाला.

ईदपर्यंत बाबांनी कुणालाही दार उघडलं नाही. फोनातला माझा आवाज त्यांनी ऐकला. काकी म्हणाली, उघडा, पोर बोलावतेय. बाबा म्हणाले, पोरीच्या पाठीला काय लावलंय ते तुला दिसतंय का?

जुलैत जमाएल आला. आठवतो? हामिद काकांचा नातू, चांगला शिकत होता, मग झेंडेवाल्यांत गेला. त्यांना जाड भिंतींचं घर हवं होतं. तो दारासमोर उभा राहिला आणि त्यानं नावं घेतली. हामिदचा, दिमासांकायचा, माकापादोचा, सगळी. आपलंच रक्त, पुरुषाचा आवाज. बाबांनी दार उघडलं. मागून चौघे आत शिरले.

त्या दिवसापासून बाबा आपल्याच घरात कैदी होते. तळघरात पाणी भरायला आणि त्यांचा भात शिजवायला.

तू आलास त्या दिवशी काकी तळघराच्या जिन्यात बसली होती. तुझा आवाज आला तेव्हा बाबा हंडा खाली ठेवून उभे राहिले. जमाएलनं त्यांना दारापाशी नेलं, मानेला बंदूक लावली आणि सांगितलं, बोलव त्याला आत, म्हण मुला ये, सगळ्यांना घेऊन ये. फटींमागे चौघे तयार होते. तुम्ही दारात आला असतात तर तुमच्यातला एक उरला नसता.

बाबा काय म्हणाले ते तू ऐकलंस.

ते दुसऱ्यांदा "कुत्र्या" म्हणाले तेव्हा जमाएलनं त्यांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. तू निघून गेलास. बाबा भिंतीला टेकून बसले, तोंडातून रक्त. काकीनं पदर लावला. तेव्हा ते तिला म्हणाले, "ऐकलंस? एकही नाव चुकला नाही." ते हसत होते, काकी म्हणते. दात पडले होते आणि हसत होते.

संध्याकाळी ते चौघे फटींपाशी गुंतले होते, तेव्हा काकी भोकातून आपल्या घरात गेली आणि तिथून तळ्याकडे. बाबांना म्हणाली, चला. भोकातून वाकून जायला लागतं. त्यांना उठताच येत नव्हतं. काकीला ते म्हणाले, तू जा, मी दार सांभाळतो.

आणि दुसऱ्या सकाळी विमानं आली.

आलि, मला तुला ओरडून सांगायचंय की त्यांनी तुला हाकलून लावलं नाही, वाचवलं. अकरा वर्षं तू जे ऐकायला थांबला होतास ते त्यांनी म्हटलं, फक्त तुझ्यापर्यंत पोचलं नाही. माझ्याकडे आहे ते. माझ्या हातात आहे. पण ते तुला दिलं की त्याच्याबरोबर दुसरंही द्यावं लागतं. बाबा आत जिवंत होते, आणि तू साहेबांना नक्की म्हणालास. एक ठेवून एक देता येत नाही. मी दोन दिवस तेच करून बघतेय. वाक्यं इकडची तिकडे करते, जमत नाही.

आणि तुला त्या दारासमोर उभं करणारी मीच. नावंही मीच लिहून पाठवली.

दाजी म्हणतात, खरं सांग, पुरुष आहे, सोसेल. दाजींनी तुझं अक्षर बघितलेलं नाही. शेवटच्या ओळींवर पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. तुझ्या हातात रोज भरलेली बंदूक असते.

रोकाया काकीला मी सांगून ठेवलंय, खरं कुणापाशी बोलू नकोस. ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, तुझा भाऊ, तू बघ.


७ सप्टेंबर

प्रिय आलि,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, धाकटीला ताप होता, आता उतरलाय. थोरला रोज विचारतो, मामा टँक चालवतो का. मी हो म्हणून ठेवलंय, भेटशील तेव्हा निभावून ने.

रोकाया काकी सुखरूप आली. तिच्याकडून सगळं कळलं, ते तुला सांगते, शांतपणे वाच. बाबा ईदनंतर आठवड्याभरातच गेले. छातीत कळ आली, स्वतःच्या बिछान्यात, काकी उशाशी होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्यांना आंघोळ घातली आणि मागच्या अंगणात फणसाखाली ठेवलं. काकीला जेवढं येत होतं तेवढं तिनं पढलं. त्रास झाला नाही. शेवटी तुझं नाव घेतलं का, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस, काकी आता फार बोलत नाही.

त्यानंतर रिकाम्या घरात झेंडेवाले शिरले. त्यांच्यात हामिद काकांचा नातू जमाएल होता. तुला उत्तर दिलं ते त्यानं. आपल्या घराण्यात सगळ्या पुरुषांचा आवाज घोगरा, आणि तू अकरा वर्षांनी ऐकलास, तेही भिंतीआडून. तुझी कंदुरी झाली तेव्हा तो लहान होता, जेवायला होता, म्हणून ते त्याला माहीत. दार उघडलं नाही, कारण उघडणारा माणूसच आत नव्हता. बाबा असते तर तुझं दुसरं नाव पुरं व्हायच्या आत त्यांनी कडी काढली असती.

म्हणून आता झोपत जा. लेफ्टनंटना तू जे सांगितलंस ते खरंच होतं, आलि. आत आपलं कोणी नव्हतं.

तुझी ताई
मोनायसा